वकिलीची तीन वर्षे : अट योग्य, पण खर्च कुणाचा?

20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या जुन्या खटल्यात नवा निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तिघांच्या पीठाने ठरवले, की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या न्यायसेवेच्या पहिल्या पदासाठी उमेदवाराने किमान तीन वर्षे वकिली केलेली असली पाहिजे. पदवी हाती येताच परीक्षा देऊन न्यायाधीश होण्याची वाट 2002 पासून खुली होती, ती या निकालाने बंद झाली. महाराष्ट्राने 2008च्या न्यायसेवा नियमांत दोन्ही दारे ठेवली होती. तीन वर्षे वकिली केलेल्यांना पस्तिशीपर्यंत परीक्षेला बसता येई, आणि सगळ्या परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होऊन अंतिम वर्षाला किमान 55 टक्के गुण मिळवणाऱ्या नव्या पदवीधरांना पंचविशीपर्यंत. या दुसऱ्या दाराबद्दलचा वाद येथे दोन आवाजांत मांडला आहे. एक आहे जिल्ह्याच्या गावी कायद्याची पदवी घेऊन लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारी उमेदवार. दुसरे आहेत तालुका न्यायालयात हयात घालवलेले वकील. ही माणसे कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र कोणत्याही बार रूममध्ये ऐकू येतील असे. मधे मधे मीही बोलणार आहे, कारण या वादात माझे एक मत आहे: अनुभवाची अट योग्य आहे, पण तो अनुभव न्यायव्यवस्थेला हवा असेल तर त्याचा खर्च उमेदवाराच्या घरावर टाकता येणार नाही.

उमेदवार : सर, हा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत. 1993 साली याच संघटनेच्या खटल्यात न्यायालयाने तीन वर्षांची अट घातली होती. पुढे न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी यांच्या वेतन आयोगाने 1999 मध्ये अहवाल दिला आणि 2002 साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढायला सांगितली. कारण उघड होते. हुशार मुलगा किंवा मुलगी तीन वर्षे वकिलीत रुळली की तिला न्यायसेवेचे आकर्षण उरत नाही, असा तोवरचा अनुभव होता. आता 23 वर्षांनी तोच निर्णय उलटा फिरवला गेला. मधल्या काळात थेट पदवीनंतर आलेल्या न्यायाधीशांनी काम चांगले केले की वाईट, हे आकड्यांनी कुणी दाखवले? निकालाचा मुख्य आधार आहे उच्च न्यायालयांनी कळवलेल्या मतांचा. नवख्या न्यायाधीशांचे किती हुकूमनामे अपिलात फिरले आणि अनुभवी न्यायाधीशांचे किती, अशी तुलना त्यात नाही.

वकील : आकडे नाहीत हे मला मान्य आहे, आणि ते गोळा व्हायला हवे होते. पण 2002चे कारण आज टिकत नाही. दुसऱ्या वेतन आयोगानंतर कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाचे सुरुवातीचे मूळ वेतनच 77,840 रुपये आहे. तालुक्याच्या गावी तीन वर्षे झालेल्या वकिलाची मिळकत त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे चांगली मुले सेवेकडे पाठ फिरवतील ही भीती आता धरू नकोस. आणि अनुभव म्हणजे काय ते नीट बघ. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात पोलिस एखाद्याला चोवीस तासांच्या आत तुझ्यासमोर उभे करतील. रिमांडच्या अर्जात लिहिलेले असेल, तपास अपूर्ण आहे, साथीदारांचा शोध घ्यायचा आहे, मुद्देमाल हस्तगत करायचा आहे. प्रत्येक अर्जात हीच वाक्ये असतात. ज्याने आरोपीच्या बाजूने उभे राहून असे अर्ज वाचले आहेत, तो विचारतो की साथीदार कोण, त्याचे नाव केस डायरीत कोणत्या तारखेला आले, आणि मुद्देमाल पंचनाम्यात आधीच जप्त दाखवला असेल तर कोठडी कशासाठी. हे प्रश्न पुस्तकात नाहीत. दिवाणीतही तेच. वाटपाच्या दाव्यात फेरफार नोंद कधी आणि कुणाच्या अर्जावर झाली हे पाहायचे सुचावे लागते. प्रतिवादीचे 'से', म्हणजे लेखी म्हणणे, चार तारखांना येत नाही तेव्हा त्यामागे खरी अडचण आहे की तोवर भिंत बांधून घ्यायची आहे, हे ओळखावे लागते. ज्याने स्वतः कधी मुदत मागितली नाही, त्याला मुदत नाकारावी कधी आणि द्यावी कधी हे कळायला फार वेळ लागतो. तोवर पक्षकार चकरा मारत राहतात.

उमेदवार : हे सगळे शिकवता येते, सर. महाराष्ट्राची न्यायिक अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे, ती त्यासाठीच. याच निकालाने निवड झालेल्या प्रत्येकाला न्यायासनावर बसण्यापूर्वी किमान एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. मग वकिलीची तीन वर्षे आणखी कशाला? फ्रान्समध्ये बोर्दो इथल्या न्यायाधीशांच्या शाळेत 31 महिने शिकून तरुण थेट न्यायाधीश होतात. जर्मनीतही वकिलीची अट नाही, तरी तिथला न्याय दुबळा आहे असे कुणी म्हणत नाही. आणि आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1871 मध्ये पुण्याला प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश झाले, ते काही वर्षानुवर्षे वकिली करून नव्हे. त्याच वर्षी त्यांनी ॲडव्होकेटची परीक्षा दिली होती.

येथे थांबून तिच्या दोन्ही उदाहरणांकडे पाहायला हवे, कारण ती वजनदार आहेत. फ्रान्स आणि जर्मनीतला न्यायाधीश आपल्यापेक्षा वेगळे काम करतो. तिथे प्रश्न विचारण्याचा आणि पुराव्याची दिशा ठरवण्याचा मोठा भार न्यायाधीशावर असतो. आपली पद्धत इंग्लंडकडून आली. दोन्ही बाजूंचे वकील पुरावा आणतात, सरतपास आणि उलटतपास घेतात, आणि न्यायाधीश समोर आलेल्यातून निवडतो. अशा पद्धतीत वकील काय पुढे करतो आणि काय मागे ठेवतो हे ओळखणे हा न्यायाधीशाच्या कामाचा गाभा ठरतो, म्हणूनच इंग्लंडमध्ये न्यायासनावर येण्याआधी वर्षानुवर्षांचा व्यावसायिक अनुभव मागतात. आपण मात्र वरची न्यायालये इंग्लंडच्या वळणावर बांधली आणि खालच्या न्यायाधीशांची भरती सनदी नोकरीसारखी परीक्षेवर सोडली. हा सांधा अजून जुळलेला नाही. तेव्हा अकादमीतले वर्ष उपयुक्त असले तरी ते वकिलीची जागा घेऊ शकत नाही. प्रशिक्षणार्थी न्यायाधीशाभोवतीची माणसे त्याला न्यायाधीश म्हणूनच वागवतात. ज्या पक्षकाराचा दावा हरला आहे त्याच्या समोर बसून तसे सांगण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

पण युरोपच्या उदाहरणात एक गोष्ट आहे जी उमेदवाराने सांगितली नाही आणि वकीलसाहेबांना अडचणीची आहे. जर्मनीत पहिल्या राज्य परीक्षेनंतर दोन वर्षांची उमेदवारी असते. त्यात दिवाणी न्यायालय, सरकारी अभियोक्त्याचे कार्यालय, प्रशासन आणि वकिलाचे कार्यालय असे टप्पे असतात, मग दुसरी राज्य परीक्षा. म्हणजे व्यवहाराचा अनुभव तिथेही घ्यावाच लागतो, फक्त त्या दोन वर्षांत राज्य उमेदवाराला दरमहा निर्वाहभत्ता देते. फ्रान्समध्ये बोर्दोच्या विद्यार्थ्यांना पहिल्यापासून पगार असतो, आणि त्यांच्या 31 महिन्यांत वकिलाच्या कार्यालयातला मुक्कामही येतो. रानड्यांचेही तसेच. पुण्याच्या न्यायासनावर येण्याआधी ते अक्कलकोटला कारभारी होते, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश होते, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. त्यांनी वकिलीचा फलक लावला नव्हता, पण ते कोरे पदवीधरही नव्हते, आणि त्यांचा तो सगळा अनुभव पगारी होता. आपल्या नव्या अटीने अनुभव मागितला आणि त्याच्या पोटापाण्याबद्दल ती गप्प राहिली. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

उमेदवार : तोच माझा खरा प्रश्न आहे, सर. तीन वर्षे खायचे काय? पाच वर्षांचा अभ्यासक्रम संपतो तेव्हा वय तेवीस. सनद घ्यायची, कोट शिवायचा, रोज न्यायालयात जायचे. सीनियर शिकवतात हेच पुष्कळ, पैसे मागायचे धाडस होत नाही. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. ज्याचे वडील वकील आहेत त्याला ही तीन वर्षे जड नाहीत. ज्या घरात पदवी झाल्यावर पहिल्या महिन्यापासून पैसे यायला हवेत, तिथली मुलगी ती काढणार नाही. शिवाय तेवीस ते सव्वीस हे मुलीच्या लग्नाचे वय धरले जाते. परीक्षेची तयारी करते म्हटले तर घरचे दोन वर्षे थांबतात. वकिली करते, अजून कमाई नाही, असे म्हटले तर कोण थांबतो?

वकील : ही अडचण खरी आहे, पण ती वकिलीच्या धंद्याची अडचण आहे, न्यायसेवेच्या अटीची नव्हे. डॉक्टर, सनदी लेखापाल, सगळेच सुरुवातीची वर्षे तोट्यात काढतात. शिवाय निकालाने तुझी सोय पाहिली आहे. तीन वर्षे मोजायची ती तात्पुरती सनद मिळाल्याच्या दिवसापासून, अखिल भारतीय बार परीक्षेचा निकाल लागेपर्यंत थांबायचे कारण नाही. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही धरले जाणार आहे.

डॉक्टरांचे उदाहरण वकीलसाहेबांच्या बाजूने जात नाही. आंतरवासितेच्या वर्षात वैद्यकीय विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते, आणि सनदी लेखापालाच्या उमेदवारीत किमान रक्कम ठरवून दिलेली आहे. ती तुटपुंजी असेल, पण असावी हे तत्त्व तिथे मान्य झाले आहे. विधी लिपिकाची सवलतही थोड्यांच्या उपयोगाची. अशा जागा उच्च न्यायालयांत आणि दिल्लीत आहेत, तुळजापूर किंवा शहाद्याच्या पदवीधराला त्या हाताशी नाहीत. मुलींबद्दल उमेदवार जे म्हणते त्याला तर कागदोपत्री आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन विभागाने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जिल्हा न्यायपालिकेतील महिलांचे प्रमाण 36.3 टक्के दाखवले आहे, उच्च न्यायालयांत ते 13.4 टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात 9.3 टक्के. यावर एक रास्त आक्षेप येतो, की उच्च न्यायालयात आज बसलेली पिढी तीस वर्षांपूर्वी वकिलीत आली, तेव्हा मुलीच कमी होत्या. तफावतीचा काही भाग त्याने नक्कीच उलगडतो. सगळा उलगडत नाही, कारण खालच्या न्यायालयांत ज्या दाराने स्त्रिया आल्या ते लेखी परीक्षेचे दार होते, जिथे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. वरच्या न्यायालयाचे दार वकिलीतील नावलौकिकातून आणि न्यायवृंदाच्या शिफारशीतून उघडते, तिथे अर्ज करण्याचीही सोय नाही. परीक्षेच्या दारापुढे आता वकिलीची तीन वर्षे आली. ही वर्षे विनामोबदला राहिली तर वरच्या दाराला जे झाले ते खालच्या दाराला होईल, आणि गेल्या दोन दशकांत जिल्हा न्यायालयांत जी मुले-मुली घरातल्या पहिल्या पदवीच्या बळावर पोहोचली, त्यांची जागा वकिलांच्या घरातली पुढची पिढी घेईल. मला याची काळजी वाटते. दिवाणी न्यायाधीश हा बहुसंख्य लोकांनी आयुष्यात पाहिलेला एकमेव न्यायाधीश असतो, आणि तो कुठून येतो याला महत्त्व आहे.

उमेदवार : आणि वर जाण्याचे काय, सर? सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी सेवेत आलेली व्यक्ती जिल्हा न्यायाधीश होईपर्यंत पन्नाशीकडे झुकते. उच्च न्यायालयात पोहोचलीच तर निवृत्तीचे 62 वर्षांचे वय समोर दिसत असते. वकिलीतून थेट गेलेल्यांना तिथे पंधरा-पंधरा वर्षे मिळतात.

वकील : याला मात्र माझ्याकडे चांगले उत्तर आहे. मे 2025च्या त्याच निकालाने जिल्हा न्यायाधीश पदासाठीच्या मर्यादित विभागीय परीक्षेचा वाटा 10 टक्क्यांवरून पुन्हा 25 टक्के केला, म्हणजे ज्येष्ठतेची रांग टाळून गुणांवर पुढे जाता येते. आणि 9 ऑक्टोबर 2025ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याहून मोठी गोष्ट केली. घटनेच्या 233व्या अनुच्छेदाप्रमाणे सात वर्षे वकिली केलेल्यांना जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीत बसता येते, पण 2020च्या निकालाने सेवेतल्या न्यायाधीशांना त्या भरतीतून बाहेर ठेवले होते. आता वकिली आणि न्यायसेवा मिळून सात वर्षे झालेल्या आणि पस्तीस पूर्ण केलेल्या न्यायाधीशालाही ती परीक्षा देता येईल. तुझी वकिलीची तीन वर्षे त्या सातांत धरली जातील. ती वाया गेली असे कसे म्हणतेस?

वकीलसाहेबांचा हा मुद्दा निर्णायक आहे आणि उमेदवारांपर्यंत तो नीट पोहोचलेला नाही. न्यायाधीश होण्याच्या वाटा आता एकमेकींना छेद देतात. तीन वर्षे वकिली, मग परीक्षेने कनिष्ठ स्तर, चार वर्षे सेवा, आणि पस्तिशीला थेट जिल्हा न्यायाधीशाची परीक्षा, असा मार्ग प्रथमच मोकळा झाला आहे. ज्याला वकिलीतच राहायचे आहे त्याला सात वर्षांनंतर तेच दार आहे, आणि दहा वर्षांनंतर 217व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च न्यायालयासाठी पात्रता. उदय लळित तर 2014 मध्ये वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2022 मध्ये सरन्यायाधीश झाले, पण तो मार्ग देशात बोटांवर मोजण्याइतक्यांच्याच वाट्याला आला. मुंबई उच्च न्यायालयाने हे दोन प्रवाह एकाच खुर्चीत मिळालेले एकोणिसाव्या शतकातच पाहिले आहेत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग नामांकित वकील म्हणून 1889 मध्ये न्यायमूर्ती झाले. 1893 मध्ये ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी आले रानडे, दुय्यम न्यायाधीशाच्या पायरीवरून चढत आलेले. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी केलेल्या 1879च्या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून त्यांनी कर्जबाजारी कुणब्यांचे जे दावे पाहिले, ते मुंबईच्या मूळ शाखेतल्या वकिलाला पाहायला मिळाले नसते. उच्च न्यायालयाला दोन्ही प्रकारची माणसे लागतात. त्यासाठी खालून येणारा तरुण असताना वर पोहोचायला हवा, आणि ऑक्टोबरच्या निकालाने ते शक्य होऊ लागले आहे.

उमेदवार : ठीक आहे, सर, वाट मोकळी झाली असे धरू. पण तीन वर्षांची खात्री कोण देणार? दहा वर्षे झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र, त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही. कुणाच्या तरी ऑफिसात नाव घालायचे, पुण्यात क्लास लावायचा आणि तीन वर्षांनी कागद आणायचा, हे होणार नाही असे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?

वकील : सांगणार नाही. वकील नाही म्हणणे जड जाते, विशेषतः मागणारा ओळखीच्या घरातला असेल तर.

हे उत्तर आल्यावर अटीचे समर्थन करणाऱ्यांना पुढचे पाऊल टाकावेच लागते, आणि पगार व खात्री हे दोन्ही प्रश्न एकाच जागी सुटण्यासारखे आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2022 पासून लोक अभिरक्षक कार्यालयांची योजना सुरू केली. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची फौजदारी प्रकरणे तिथले पूर्णवेळ, मानधनावरचे वकील चालवतात, आणि त्यातली सहायकाची पायरी शून्य ते तीन वर्षे वकिली झालेल्यांसाठीच आहे. रिमांडला उभे राहणे, जामीन मागणे, साक्षीदाराचा उलटतपास घेणे, म्हणजे वकीलसाहेबांनी वर जे जे सांगितले ते सगळे या कामात रोज येते. रोजनाम्यात हजेरी लागते, प्रकरणांची नोंद कार्यालयात राहते, तेव्हा अनुभव खरा की कागदी हा प्रश्नही मिटतो. आज अशा जागा फार थोड्या आहेत. प्रत्येक तालुका न्यायालयात दोन-तीन तरुण सहायक नेमले, त्यात दिवाणी आणि पोटगीची कामेही घातली, तर न्यायसेवेत येऊ पाहणाऱ्यांची मोठी संख्या तिथे सामावेल आणि गरीब पक्षकाराला वकील मिळेल. बाकीच्यांसाठी विद्यावेतन आहेच. आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे दरमहा 5,000 रुपये द्यायला सुरुवात केली होती, केरळनेही 5,000 रुपयांपर्यंतची योजना आणली. रकमा लहान आहेत, पण राज्य सरकार हे करू शकते हे त्यातून दिसले.

उमेदवार : पैसे कुठून आणायचे, हे सरकार विचारेल.

वकील : विचारू दे. न्यायालयीन शुल्कापोटी पक्षकार दरवर्षी तिजोरीत भर घालतात, वकीलपत्रावर कल्याण निधीचा स्टॅम्पही लावतात. आणि विधी सेवा प्राधिकरणाला गरिबांसाठी वकील नेमायचेच आहेत, ते तरुण असले तर खर्च वाढत नाही. मला वाटते आधी 2008च्या नियमांतच दुरुस्ती मागावी. नव्या अटीसाठी ते नियम बदलावे लागणारच आहेत. त्याच दुरुस्तीत लिहून घ्या, की लोक अभिरक्षक कार्यालयातली सेवा तीन वर्षांत धरली जाईल, प्रमाणपत्रासोबत उमेदवार ज्या प्रकरणांत स्वतः हजर राहिली त्यांचे क्रमांक जोडावे लागतील, आणि कोणत्याही ऑफिसात काम केले तरी विद्यावेतन बँकेत जमा झाल्याचा दाखला लागेल. शेवटचे कलम आमच्या बारला आवडणार नाही.

उमेदवार : तुम्ही बारच्या सभेत ते मांडाल, सर?

वकील : मांडेन. निवेदनाचा मसुदा तू कर, पहिली सही माझी असेल.